‘गोड हिरवा’ : एका थाई कालवणाचा इतिहास

आपल्याकडील शहरी स्वयंपाकघरांत अलीकडे ज्या परदेशी पदार्थांनी मुक्काम ठोकला आहे, त्यांत ‘थाई ग्रीन करी’चा क्रमांक बराच वर लागेल. तयार वाटणाची डबी आणि नारळाच्या दुधाचा खोका आणला, की अर्ध्या तासात ती ताटात येते, आणि तितक्याच तत्परतेने पाहुण्यांचा प्रश्नही येतो, “पण ही अस्सल आहे का?” हा प्रश्न वरकरणी चवीचा असला, तरी मुळात तो इतिहासाचा आहे. अस्सल म्हणजे कोणाची, कोणत्या काळातली, आणि ते ठरवणार कोण? साहित्याच्या अभ्यासकाला हे प्रश्न नवे नाहीत. संहितेची ‘मूळ प्रत’ शोधताना तो याच वाटेने जातो. म्हणून हा पदार्थ एखाद्या संहितेसारखा वाचून पाहावा, इतकाच या टिपणाचा हेतू. त्यासाठी त्याच्या नावातले तीन शब्द पुरेसे आहेत.

शेवटचा शब्द आधी घेऊ. ‘करी’ हा शब्द तमिळमधून पोर्तुगीजांनी उचलला आणि इंग्रजांनी जगभर फिरवला. रस्सा, आमटी, कालवण, सार असे भेद नेमकेपणाने पाळणाऱ्या मराठी घरात तो कधी फारसा रुळला नाही. थाई भाषेची स्थिती काहीशी अशीच आहे. तिथला शब्द आहे ‘केंग’. त्यात नारळाच्या दुधातले कालवण येते, नारळाचा थेंबही नसलेले रानातले झणझणीत कालवण येते, आणि आजाऱ्याला द्यावे असे निवळ, अळणी सूपही येते. गंमत अशी, की थाई भाषेत ‘करी’ हा शब्दही आहे. पण तो राखून ठेवला आहे पिवळ्या, भारतीय धाटणीच्या मसाल्याच्या पदार्थासाठी. म्हणजे आपण ज्याला ‘थाई करी’ म्हणतो, त्याला थाई माणूस करी म्हणत नाही. त्याच्या लेखी करी आपली आहे!

‘ग्रीन’ या शब्दाची कथा अधिक उद्बोधक आहे. मूळ नाव ‘केंग खिआव वान’. ‘खिआव’ म्हणजे हिरवे, ‘वान’ म्हणजे गोड. यावरून हे कालवण गोड असलेच पाहिजे, असा समज पसरला आणि परदेशी कृतींत साखरेचे चमचे वाढत गेले. वास्तविक ‘वान’ हे इथे कालवणाचे विशेषण नसून हिरव्या रंगाचे आहे. नारळाच्या दुधात हिरव्या मिरचीचे वाटण मिसळल्यावर जो मऊ, सौम्य, डोळ्यांना निववणारा हिरवा उतरतो, तो ‘गोड हिरवा’. आपणही गोड आवाज, गोड हसू म्हणतो. तिथे जिभेचा संबंध कुठे असतो? ताडगुळाची किंचित गोडी या कालवणात असते, पण ती तिखट आणि खारट यांना सांधण्यापुरती. एका विशेषणाचा अन्वय चुकला आणि पदार्थाची चव बदलली, असे भाषांतराच्या वर्गात सांगण्याजोगे हे उदाहरण आहे.

उरला ‘थाई’. सयाम या देशाचे नाव थायलंड झाले ते 1939 साली. त्याआधी हे कालवण सयाममध्ये शिजत होते. मात्र ते फार प्राचीन आहे असेही नाही. दुसऱ्या रामाच्या (कारकीर्द 1809 ते 1824) नावावर असलेल्या नौकागीतात राजवाड्यातील पदार्थांची रसिक यादी येते. तीत मसमन कालवणाला मानाचे स्थान आहे, हिरव्या कालवणाचा मात्र उल्लेख नाही. प्लिअन फासकोरावोंग या सरदार घराण्यातील विदुषीचा ‘मे ख्रुआ हुआ पा’ हा थाई पाकशास्त्रातील आद्य मुद्रित ग्रंथांपैकी एक. तो ग्रंथरूपाने आला 1908 मध्ये, म्हणजे आपल्याकडे लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ निघण्याच्या जरा आधी. त्यातही हे कालवण सापडत नाही, आणि 1926 च्या एका पाककृतिसंग्रहात ते भेटते, असे अभ्यासक दाखवून देतात. त्यामुळे त्याचा जन्म विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागातला मानण्याकडे कल आहे. ज्याला आपण ‘परंपरागत’ म्हणतो त्याचे वय जेमतेम शंभर वर्षांचे आहे.

आणि ज्या मिरचीमुळे ते हिरवे झाले, ती तर अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा घेतला, 1511 साली मलाक्का घेतले आणि त्याच वर्षी त्यांचा दूत सयामच्या राजधानीत, अयुथ्थयेत पोहोचला. याच व्यापारी वाटांनी सोळाव्या शतकात मिरची आशियाभर पसरली. तोवर तिखटपणासाठी सयामी माणसाची भिस्त मिऱ्यावर होती आणि त्याचे नाव होते ‘फ्रिक’. मिरची आली, तिने हे नावच बळकावले, आणि बिचाऱ्या जुन्या मिऱ्याला ओळख पटवण्यासाठी ‘फ्रिक थाई’ म्हणजे ‘आपले फ्रिक’ असे म्हणवून घ्यावे लागले. आपल्याकडे मिऱ्याने आपले नाव टिकवले, पण मिरचीला आपल्याच नावावरून नाव दिले. कोकणीतील ‘मिरसांग’ तर मिऱ्याची शेंगच. एकाच पाहुणीचे दोन भाषांनी केलेले हे दोन प्रकारचे स्वागत आहे. या हिरव्या वाटणात आजही मिरची आणि पांढरे मिरे एकाच खलात कुटले जातात. जुना मालक आणि नवा मालक शेजारी नांदतात.

आता खलाकडे वळू. घरी हे वाटण करताना क्रम महत्त्वाचा. धणे, किंचित जिरे आणि पांढरे मिरे भाजून आधी कुटून घ्यायचे. मग हिरव्या मिरच्या मिठासह, कारण मिठाच्या खड्यांनी साल लवकर चिरडते. मग गवती चहाच्या देठाचा खालचा पांढरा भाग, आल्याच्या कुळातले कोळिंजन, मक्रूत लिंबाची साल, कोथिंबिरीची मुळे, लसूण, छोटे कांदे, आणि शेवटी ‘कपी’ हा कोळंबीचा आंबवलेला गोळा. कठीण ते मऊ असा हा प्रवास आहे. यातले किती जिन्नस आपल्या परसात आहेत! गवती चहाची पात आपण चहात टाकतो आणि देठ फेकतो; कोथिंबिरीची मुळे तर भाजी निवडतानाच केरात जातात. कपीसाठी लागणारी बारीक कोळंबी ही आपल्या किनाऱ्यावर वाळवल्या जाणाऱ्या जवळ्याच्याच गोत्रातली. शेवटी वरून घालायची तुळस, ‘होराफा’, ही ज्याचे बी आपण सब्जा म्हणून भिजवतो त्याच जातीची.

मग नारळाचे घट्ट दूध कढईत आटवायचे, ते फुटून तेल वर येईपर्यंत. थाई स्वयंपाकात या अवस्थेला ‘तेक मन’, म्हणजे स्निग्धांश फुटणे, असे नाव आहे. त्या तेलात वाटण परतायचे, मग कोंबडी किंवा मासा, पातळ दूध, माशाचे खारे पाणी आणि छोटी हिरवी वांगी. “तेल सुटेपर्यंत परतावे” हे वाक्य ज्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले गेले, तिथे हे वेगळे शिकवायला नको.

पण हे ज्ञान टिकले कसे? इथे थाई संस्कृतीतील एका विलक्षण ग्रंथप्रकाराचा उल्लेख करायला हवा. तिथे अंत्यसंस्काराला आलेल्यांना मृताच्या स्मरणार्थ छापलेले पुस्तक देण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रूढ झाली. त्यात धर्मवचने असतात, चरित्र असते, आणि अनेकदा त्या व्यक्तीच्या आवडीच्या किंवा तिच्या हातच्या पाककृती असतात. त्यांना ‘अनुसोन’ पुस्तके म्हणतात; हा शब्द संस्कृत ‘अनुस्मरणा’च्या घरचा. डेव्हिड थॉम्प्सन या ऑस्ट्रेलियन आचाऱ्याने ‘थाई फूड’ (2002) हा आपला ग्रंथ सिद्ध करताना अशा पुस्तकांचा मोठा आधार घेतला. ज्या बायकांची नावे राजवंशाच्या इतिहासात कधी आली नसती, त्यांचा हात या पानांतून दुसऱ्या घरात शिजत राहिला.

माझ्या आईची पाककृतींची एक वही माझ्याकडे आहे. तिच्यात जवळजवळ प्रत्येक कृतीत ‘अंदाजाने’ हा शब्द आहे. ती असताना तो शब्द मला अपुरा वाटे. ती गेल्यावर कळले, की वहीत जिन्नस लिहिता येतात, अंदाज लिहिता येत नाही. पहिल्यांदा डबीतले वाटण बाजूला सारून खलबत्ता काढला, तेव्हा दूध फुटून तेल कधी सुटले हे मला कोणत्याही थाई पुस्तकाने सांगितले नाही. ते तिच्या कढईशेजारी उभे राहून पाहिलेले होते.

म्हणून “अस्सल आहे का?” या प्रश्नाला आता मी वेगळे उत्तर देतो. मिरची अमेरिकेची, ती आणणारे पोर्तुगीज, नाव सयामचे, ‘करी’ तमिळ, आणि अंदाज माझ्या आईचा. यातले काय वगळले तर पदार्थ अस्सल होईल, ते पाहुण्यांनीच सांगावे. तोवर भात निवतो आहे.