नस्तालीकचा हट्ट

जोगेश्वरीतल्या माझ्या वर्गात एका मुलीने मोबाइलवरची बातमी दाखवत विचारलं, "सर, ये उर्दू है या अरबी?" भाषा उर्दूच होती. अक्षरं मात्र नस्ख वळणाची, कुरआन शरीफमध्ये दिसतात तशी सरळ रेषेवर बसलेली. आपल्या घरातली उर्दू पुस्तकं नस्तालीक वळणात असतात. त्यात शब्द वरून खाली तिरका उतरतो आणि शेजार बदलला की अक्षराचा आकारही बदलतो. मुलीच्या प्रश्नामागे दोनशे वर्षांचा वाद आहे.

यंत्र बनवणाऱ्यांना नस्ख सोयीचं. कमी खिळ्यांत काम भागतं. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नस्तालीकचे खिळेही पाडले, पण जुळणी फार किचकट, म्हणून ते रुजले नाहीत. पुढे मौलाना आझादांनी १९१२ साली 'अल-हिलाल' नस्ख टाइपात काढलं. लोकांनी ते आवडीने वाचलं, पण रोजच्या वाचनासाठी त्यांना नस्तालीकच हवं होतं. म्हणून उर्दू छापखाने शिळाछापालाच धरून राहिले. कातिबाने हाताने लिहायचं आणि त्याचा ठसा दगडावर उतरवायचा. पुढे ऑफसेट आलं, तरी उर्दू दैनिकं कातिबच लिहीत राहिले.

हा पेच सोडवला मिर्झा अहमद जमील यांनी. जन्म दिल्लीचा, चित्रकलेचं शिक्षण आपल्या मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये, फाळणीनंतर कराचीत. अक्षरं सुटी करण्याऐवजी त्यांनी जोडलेले तुकडेच लिहून काढले, सुमारे २०,०००. मोनोटाइप कंपनीने ते यंत्रात बसवले आणि १९८१ साली लाहोरचा 'जंग' त्या 'नूरी नस्तालीक'मध्ये निघाला. १९९४ साली भारतात तयार झालेल्या 'इनपेज'ने तेच अक्षर साध्या संगणकावर आणलं.

इथवर वाचकांचा हट्ट बरोबर ठरला. पण पुढची चूक आपलीही आहे. इनपेजची फाइल स्वतःच्याच सांकेतिक पद्धतीत साठायची. युनिकोड आल्यावरही आपण सुंदर अक्षरासाठी तिलाच चिकटून राहिलो. इंटरनेटवर मजकुराऐवजी पानांची चित्रं चढवली. चित्रातला शब्द शोधता येत नाही, त्यामुळे कितीतरी उर्दू लेखन असूनही नसल्यासारखं झालं.

मोबाइल आले तेव्हा निर्मात्यांनी पुन्हा नस्ख दिलं. कारण खोटं नव्हतं. तिरक्या अक्षराला उंची जास्त लागते आणि पडदा लहान असतो. तरी वाचक मागत राहिले. २०१२ मध्ये विंडोज ८ मध्ये, २०१४ मध्ये गूगलकडून आणि २०१७ मध्ये आयफोनवर नस्तालीक आलं. मराठीलाही हे नवं नाही. अनेक फोनवर आजही आपला 'ल' आणि 'श' हिंदी वळणाने दिसतो, आणि आपण मुकाट्याने वाचतो.

त्या मुलीच्या फोनमध्ये मी नस्तालीक फॉन्टचं ॲप घालून दिलं. बातमी उघडून ती म्हणाली, "हां, अब उर्दू लग रही है." मग मैत्रिणीला निरोप पाठवला तो मात्र रोमन अक्षरांत. कंपन्या मागितलं तर उशिरा का होईना देतात, हे इतिहास सांगतो. मागणारे वाचक टिकवणं हे कंपनीचं काम नाही. ते माझं, आणि घराघरातल्या अम्मी-अब्बूंचं आहे.