कुंपण आणि कठडा : घरगुती जलतरण-तलावांच्या सुरक्षाविचाराचा इतिहास

मराठीतील 'कुंपण' व 'कठडा' हे शब्द अर्थाने निकटचे वाटले, तरी त्यांचे कार्य भिन्न आहे. कुंपण शेताला अथवा परसाला असते; बाहेरच्याने आत येऊ नये हा त्याचा हेतू. कठडा विहिरीला, गच्चीला अथवा जिन्याला असतो; घरच्याच माणसाचा तोल जाऊ नये म्हणून तो उभारतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका, ऑस्ट्रेलिया आदी देशांत घरोघरी पोहण्याचे तलाव झाले, तेव्हा तेथील कायद्याला हा भेद उमगण्यास बराच काळ लागला. त्या विलंबाचे मोल लहान मुलांच्या प्राणांनी चुकवावे लागले.

प्रारंभीचा विचार कुंपणाचाच होता. त्याचे मूळ जुन्या न्यायपरंपरेत सापडते. इंजिने वळविण्याच्या फिरत्या चकतीवर खेळताना जखमी झालेल्या मुलाच्या दाव्यात, अशी धोक्याची वस्तू मोकळी ठेवणारी रेल्वे कंपनी उत्तरदायी ठरू शकते, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७३ साली मान्य केले. या परंपरेतील धोक्याचे चित्र ठरलेले होते : मालक आत आणि आगंतुक मूल बाहेर. हे चित्र मनात धरले, की आवाराला कुंपण घातले म्हणजे कर्तव्य संपले, असे वाटणे स्वाभाविकच होय.

वस्तुस्थिती निराळी होती. १९७० नंतरच्या दशकात ब्रिस्बेन येथे बालरोगतज्ज्ञ जॉन पर्न व त्यांचे सहकारी यांनी बुडण्याच्या घटनांचा पद्धतशीर अभ्यास केला. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या ग्राहकवस्तू सुरक्षा आयोगाने पाच वर्षांखालील मुलांच्या अपघातांची पाहणी केली. त्यांपैकी ६५ टक्के अपघात मुलाच्या स्वतःच्याच घरच्या तलावात घडले होते. ६९ टक्के मुले तलावापाशी असतील अशी कोणाची कल्पनाही नव्हती. आणि ७७ टक्के मुले दृष्टीआड होऊन पाच मिनिटे वा त्याहूनही कमी वेळ झाला होता. तात्पर्य, बुडणारे मूल परके नव्हते. ते स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडले होते, आणि आवाराचे कुंपण त्याच्या पाठीशी होते, वाटेत नव्हते.

न्यूझीलंडने १९८७ साली व न्यू साउथ वेल्सने १९९० साली स्वतंत्र कायदे केले. १.२ मीटर उंचीचा अडसर आणि आपोआप मिटून कडी लागणारे फाटक, ही त्यांतील व्यवस्था प्रसिद्धच आहे. तथापि न्यू साउथ वेल्समध्ये १ ऑगस्ट १९९० पूर्वीच्या तलावांना, घराची दारे-खिडक्या मुलांना उघडता येणार नाहीत अशी ठेवल्यास, घर व तलाव यांमधील अडसरापासून सूट मिळाली. म्हणजे कठड्याचे तत्त्व मान्य झाले, पण जुन्या मालमत्तेपुढे ते थबकले. १९९८ साली थॉम्पसन व रिव्हारा यांनी उपलब्ध अभ्यासांचे परीक्षण करून, केवळ तलावाला वेढणारा अडसर संपूर्ण आवाराच्या कुंपणाहून अधिक परिणामकारक असल्याचा निष्कर्ष काढला.

हा इतिहास महाराष्ट्राला परका नाही. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' या योजनेने राज्यात शेततळी वाढली. अस्तराच्या निसरड्या प्लास्टिकवरून पाण्यात गेलेल्या मुलाला काठ पुन्हा गाठता येत नाही. अशा तळ्याच्या शेताला कुंपण आहे काय, हा प्रश्न दुय्यम होय. शेतातच वस्ती करणाऱ्या कुटुंबाचे मूल आणि पाणी यांच्यामध्ये काय आहे, हा खरा प्रश्न. विहिरीला कठडा बांधणाऱ्या समाजाला त्याचे उत्तर नव्याने शोधावयास नको. ते केवळ स्मरावयास हवे.