सीमोल्लंघन आणि रजई

आश्विन लागला, की मयूर विहारातील आमच्या घरात देवीच्या घटाबरोबरच दुसरीही एक गडबड सुरू होते. कूलरमधील उरलेसुरले पाणी काढून त्याच्या गवताच्या जाळ्या झटकावयाच्या, पेटीतील रजया गच्चीवर उन्हात टाकावयाच्या, लोकरी कपड्यांतून डांबराच्या गोळ्या वेचून काढावयाच्या, खिडक्यांच्या फटी बुजवावयाच्या. बागेतील काम याहून नाजूक. गुलाबांची छाटणी याच सुमारास करावी लागते. शेवंतीला काठीचा आधार हवा. फ्लॉक्स आणि पिटुनियाचे बी वाफ्यात पडले पाहिजे, मेथी-पालकाला ओळी आखून दिल्या पाहिजेत. विलायती पुस्तकांतून शरद ऋतू म्हणजे बाग निजविण्याचा काळ असतो. दिल्लीत थंडी हाच फुलांचा खरा हंगाम असल्याने येथे ती जागवावी लागते.

आम्हां दक्षिणी मंडळींस हे सारे नव्याने शिकावे लागले. पहिला हिवाळा आम्ही दोन सोलापुरी चादरींच्या भरवशावर काढावयास निघालो होतो, आणि डिसेंबरात शेजाऱ्यांकडे रजई मागण्याची पाळी आली होती. आता वाटते, हा दोष केवळ आमच्या अजाणतेपणाचा नव्हे. मराठ्यांच्या लेखी शरद म्हणजे घर सावरण्याचा ऋतू कधी नव्हताच. तो घर सोडण्याचा ऋतू होता. पाऊस उघडला, नद्यांना उतार पडला, की दसऱ्यास सीमोल्लंघन करावयाचे आणि मुलुखगिरीस निघावयाचे. दख्खनची थंडी ती काय! तिच्यासाठी कोणी कशास तयारी करील?

१७६०चा शरद या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. ऑगस्टच्या आरंभी दिल्लीचा किल्ला सदाशिवरावभाऊंच्या हाती आला. यमुना दुथडी भरून वाहत होती; पश्चिम तीरावर मराठे आणि पूर्व तीरावर अब्दाली. त्याची छावणी शाहदऱ्यास होती. म्हणजे आज आम्ही राहतो त्याच काठावर, थोडी उत्तरेस. भाऊंच्या तिजोरीत पैसा नव्हता. दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडण्यात आली. या कृत्याबद्दल भाऊंस पुष्कळ बोल लावला गेला आहे. आम्हांस तो कठोर वाटतो, कारण उपाशी फौज छताकडे पाहून लढत नाही. परंतु त्या पैशाने आठवड्यांची निकड भागली, हिवाळ्याची बेगमी झाली नाही. ऑक्टोबरात भाऊंनी दिल्ली सोडली, १७ ऑक्टोबरास कुंजपुरा घेतला, तेथील धान्याचा साठा हाती आला, आणि दसरा तेथेच साजरा झाला. सीमोल्लंघनाचा मुहूर्त याहून मंगल कोणता? पण त्यानंतर आठवडाभरातच अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली आणि दक्षिणेची वाट रोखली.

पुढील अडीच महिने पानिपतची छावणी हेच मराठ्यांचे घर झाले. त्यात लढवय्यांखेरीज बायकामुले होती, यात्रेकरू होते. डिसेंबरात, रसद तोडण्याच्या कामावर अंतर्वेदीत फिरणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि उरलीसुरली आशाही खुंटली. धान्य सरले, वैरण सरली, जळणास लाकूड मिळेना. अफगाण मुळातच थंड मुलुखाचे. मराठे पातळ सुती कपड्यांत. १४ जानेवारी १७६१ रोजी जे रणात उतरले, ते आधी भुकेशी आणि थंडीशी झुंजून थकलेले होते. पराभवाची कारणे इतिहासकारांनी अनेक दिली आहेत आणि ती खरीही आहेत. परंतु रजईचा उल्लेख त्यांत अभावानेच येतो.

महादजी शिंद्यांनी पुढे दिल्ली पुन्हा मिळविली, राखली. ते उत्तरेत वर्षानुवर्षे राहिले. तेथील ऋतू त्यांच्या अंगवळणी पडले. तथापि शेवट पुन्हा याच ऋतूच्या उंबरठ्यावर झाला, आणि तोही आमच्या अंगणात म्हणावा इतका जवळ. १८०३च्या युद्धात इंग्रजांनी दसऱ्याची वाट पाहिलीच नाही. ११ सप्टेंबर रोजी जनरल लेकने दौलतराव शिंद्यांच्या फौजेस पटपडगंजजवळ गाठले. बुर्कँ नावाचा फ्रेंच सरदार ती घेऊन दिल्लीहून यमुना उतरून आला होता. पराभवानंतर पळणारे कित्येक नदीतच बुडाले. पटपडगंज आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. लढाईचा स्मारकस्तंभ नोएडाच्या गोल्फच्या मैदानात उभा आहे; आम्ही तो एकदाच पाहिला.

आमच्या बागेत वाफा खणताना अद्याप काही सापडलेले नाही. यमुनेच्या गाळाने सारे खोल पुरले असावे. दसऱ्यास येथे आपटा सहजी मिळत नाही. त्याच्याच कुळातील कांचनाची पाने आम्ही सोने म्हणून वाटतो. यंदा सोने देण्यास शेजारच्या काकू आल्या, तेव्हा आम्ही गच्चीवर होतो. त्यांनी पान हाती ठेवले, उन्हातल्या रजयांवर हात फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, दुसरी बाजू अजून ओलसर आहे, उलटून टाका.