अक्षरसंचातून शब्दशोध

दिलेली अक्षरे ज्यांत सामावली आहेत असे, शक्य तितके लांब शब्द शोधून काढणे म्हणजे अक्षरसंचातून शब्दशोध होय. याचे दोन प्रकार आहेत. एकात दिलेली सर्व अक्षरे, तेवढीच आणि तितक्याच वेळा वापरायची असतात. अशा शब्दांना परस्परांचे ‘ॲनाग्राम’ म्हणतात. दुसऱ्यात दिलेली अक्षरे असली म्हणजे पुरे. इतर कितीही अक्षरे सोबत चालतात. खेळ म्हणून स्क्रॅबलमुळे तो जगभर परिचित झाला. सातारा, सांगली जिल्ह्यांतील मराठी शाळांत मात्र त्याची ओळख बहुधा शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीतून होते.

इंग्रजीतील रीत

‘एज्युकेशन’ या शब्दात ९ अक्षरे आहेत आणि त्यांत पाचही स्वर एकेकदा येतात. ही अक्षरे ३,६२,८८० प्रकारे मांडता येतात. प्रत्येक मांडणी तपासत बसणे व्यर्थ होय. त्याऐवजी शब्दाची अक्षरे वर्णानुक्रमे लावतात : ए, सी, डी, ई, आय, एन, ओ, टी, यू. शब्दसंग्रहातील प्रत्येक शब्दाची अशी किल्ली करून ठेवली की समान किल्लीचे शब्द आपोआप एकत्र येतात. या किल्लीखाली ‘ऑक्शन्ड’ (लिलावात विकलेले) आणि ‘कॉशन्ड’ (सावध केलेले) हेही शब्द सापडतात. संगणक हेच काम क्षणात करतो.

दुसऱ्या प्रकारात उपसर्ग-प्रत्ययांचे ज्ञान अधिक उपयोगी पडते. समजा, जी, एच, टी, वाय ही चार अक्षरे दिली आहेत. ‘माइटी’ हा ६ अक्षरांचा शब्द लगेच सुचतो, ‘डेलाइट’ ८ अक्षरांचा आणि ‘कॉपीराइट’ ९ अक्षरांचा आहे. त्याला शेवटी ‘एबल’ जोडला की १३ आणि आधी ‘अन’ लावला की ‘अनकॉपीराइटेबल’ हा १५ अक्षरांचा शब्द मिळतो. या शब्दात एकही अक्षर दोनदा येत नाही, म्हणून शब्दप्रेमींना त्याचे विशेष कौतुक आहे. लांब शब्द मुळाशी सहसा लहानच असतो, हे यावरून दिसते.

मराठी भाषकांपुढील अडचण

मराठी माध्यमाचा विद्यार्थी शब्द कानाने धरतो. ‘एज्युकेशन’ उच्चारताना ‘ज’ आणि ‘श’ ऐकू येतात. पण त्याच्या लेखनात जे नाही आणि एसही नाही. ‘डेलाइट’मधील जी आणि एच यांचा तर उच्चारात मागमूसही नसतो. त्यामुळे शब्द माहीत असूनही तो अक्षरांत ओळखता येत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले, तरी ही अडचण केवळ वर्षे वाढवून सुटणारी नाही. स्पेलिंग नुसते घोकण्यापेक्षा एका शब्दाच्या अक्षरांतून दुसरे शब्द काढण्याचा सराव अधिक फलदायी ठरतो, कारण त्यात नजर प्रत्येक अक्षरावर थांबते.

दुसरी अडचण ‘अक्षर’ या संज्ञेतच आहे. ‘सांगली’ या शब्दात अक्षरे ३ : सां, ग, ली. वर्ण सुटे केले तर स्, आ, अनुस्वार, ग्, अ, ल्, ई असे ७ होतात. संगणकाच्या युनिकोड संकेतात मात्र हाच शब्द ६ चिन्हांनी साठवला जातो, कारण तेथे काना, वेलांटी स्वतंत्र आणि ‘ग’मधील अकार गृहीत धरलेला असतो. यांपैकी कोणते एकक घ्यायचे ते ठरवल्याशिवाय मराठीत शब्दशोध करताच येत नाही.

‘कमल’ आणि ‘कलम’ कोणत्याही मोजणीने एकाच संचातील आहेत. ‘नवरा’ आणि ‘वानर’ मात्र अक्षरांनी भिन्न, पण वर्णांनी तंतोतंत समान आहेत! (या साम्याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.) मराठी शब्दकोड्यांत एका चौकटीत मात्रेसह एक पूर्ण अक्षर लिहिण्याची रूढी आहे. ‘चिमा काय कामाची’ हे उलटसुलट सारखे वाचले जाणारे प्रसिद्ध वाक्यही अक्षरांच्याच हिशोबाने जमते, तेही ऱ्हस्व-दीर्घाकडे डोळेझाक करून.

परीक्षांतील स्थान

शिष्यवृत्ती परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. ती पूर्वी चौथी व सातवीला होत असे. २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीला घेतली जाऊ लागली. मराठी माध्यमासाठी तिच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत तृतीय भाषा इंग्रजीला ५० आणि बुद्धिमत्ता चाचणीला १०० गुण ठेवण्यात आले. विस्कळीत अक्षरांतून शब्द जुळवणे, जुळलेल्या शब्दातील मधले अक्षर ओळखणे, दिलेल्या शब्दातील अक्षरांपासून कोणता शब्द तयार होणार नाही ते सांगणे, असे प्रश्न यात येतात. शेवटच्या प्रकारात पर्यायातील प्रत्येक अक्षर मूळ शब्दात खोडत जावे; जे अक्षर दुसऱ्यांदा लागते पण मूळ शब्दात एकदाच असते, तेथेच बहुतेक मुले फसतात.