वर्धा जिल्हा : सामाजिक मूल्ये व परिवर्तन

विदर्भातील या जिल्ह्यात विसाव्या शतकात रूढींविरुद्धचे प्रयोग दाटीने झाले. त्यांतील ठळक प्रयोग लक्ष्मीनारायण मंदिराचा. बजाज घराण्याचे हे खाजगी मंदिर जमनालाल बजाज (1889–1942) यांनी जुलै 1928 मध्ये अस्पृश्य मानलेल्या जातींना खुले केले. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह 1930 मधला, तर पंढरपूरचा विठ्ठल खुला व्हायला 1947 उजाडले. फरक मात्र ध्यानात घ्यावा : वर्ध्यात दार मालकाने उघडले, नाशिकला ते हक्काने मागावे लागले.

गांधीजी 1936 मध्ये सेगावी (नंतरचे सेवाग्राम) राहायला आले. कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री तेथील आश्रमात आले, तेव्हा त्यांच्यासाठी गांधीजींच्या बापू कुटीजवळच झोपडी बांधली गेली. रुग्णाचे अंग गांधीजी स्वतः चोळत. रोग्याला गावाबाहेर काढण्याच्या त्या काळात हे अनेकांना धक्कादायक वाटले. मनोहर दिवाण यांनी दत्तपूर येथे कुष्ठसेवा याच सुमारास सुरू केली.

पवनार येथे विनोबा भावे यांनी 1959 मध्ये ब्रह्मविद्या मंदिर हा स्त्रियांचा आश्रम स्थापला. स्त्रियांनी ब्रह्मचर्य स्वीकारून सामूहिक साधना करावी, ही कल्पना तेव्हा नवीच होती. शेती, स्वयंपाक, छपाई ही कामे भगिनीच करीत.

दारूबंदीची कथा वेगळी. जिल्हा कागदोपत्री कोरडा आहे. चोरटी हातभट्टी व शेजारच्या जिल्ह्यांतून येणारा माल यांवरील पोलिसांचे छापे आजही नित्याचे आहेत.