क्लेर्वल संस्कृत का शिकू लागला? ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या दोन आवृत्त्या #थ्रेड

मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ आपण भयकथा म्हणून वाचतो. मात्र तिची १८१८ ची पहिली आवृत्ती आणि लेखिकेने स्वतः सुधारलेली १८३१ ची आवृत्ती शेजारी ठेवल्या, की इतिहासाच्या विद्यार्थ्याला एका दुय्यम पात्रापाशी थांबावे लागते. ते पात्र म्हणजे नायक व्हिक्टरचा जिवलग मित्र, हेन्री क्लेर्वल.

१८१८ मध्ये इंगोलश्टाटच्या विद्यापीठात क्लेर्वल फारसी, अरबी आणि हिब्रू शिकतो. १८३१ मध्ये हिब्रूच्या जागी संस्कृत येते. बदल एका शब्दाचा आहे. परंतु त्याच आवृत्तीत पुढे, लंडनच्या मुक्कामात, या अभ्यासाचा हेतूही उघड होतो : भारतात जायचे आणि तेथील भाषांचे व समाजाचे ज्ञान युरोपच्या वसाहती आणि व्यापार वाढवण्यासाठी वापरायचे. पहिल्या आवृत्तीत हा बेत नाही. तिथला क्लेर्वल केवळ साहित्यवेडा आहे.

मधल्या तेरा वर्षांत जग बदलले होते. पहिली आवृत्ती निघाली त्याच वर्षी, जून महिन्यात, दुसरा बाजीराव माल्कमला शरण गेला आणि पेशवाई संपली. ऑक्सफर्डमधील संस्कृतच्या अध्यासनावर पहिला प्राध्यापक १८३२ मध्ये निवडला गेला. त्यासाठीचा पैसा जोसेफ बोडन या कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकाऱ्याच्या मृत्युपत्रातून आला होता आणि संस्कृतच्या ज्ञानामुळे हिंदी लोकांचे धर्मांतर सुकर व्हावे, अशी त्याची इच्छा होती. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही मुंबईत १८३१ मध्येच छापला गेला. मोल्सवर्थ कंपनीच्या सैन्यातलाच. (तो कोश आपण आजही आदराने उघडतो, हे वेगळे.) कादंबरीतला क्लेर्वल अशाच माणसांच्या पिढीतला शोभतो.

मग शेली साम्राज्यवादी ठरतात का? इतक्या घाईने नव्हे. कारण दोन्ही आवृत्त्यांत आणखी एक उतारा आहे. व्हिक्टरने निर्मिलेला अनामिक जीव एका झोपडीच्या भिंतीतील फटीतून आतले बोलणे ऐकत असतो. आत फेलिक्स हा तरुण साफी या परदेशी युवतीला व्होल्नीचा साम्राज्यांच्या अवशेषांवरील ग्रंथ वाचून दाखवतो. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची वाताहत ऐकून साफी रडते, आणि भिंतीपलीकडे तो जीवही रडतो. ज्याला कोणी माणूस मानत नाही, त्याला इतिहासातले पराभूत आपले वाटतात. माझ्या मते संपूर्ण कादंबरीतला हा सर्वांत महत्त्वाचा वाचनप्रसंग आहे.

पुढे हाच जीव क्लेर्वलचा गळा आवळून खून करतो. क्लेर्वल भारतात कधीच पोहोचत नाही. हा मृत्यू १८१८ मध्येही आहे; त्यामुळे तो वसाहतवादाला दिलेली शिक्षा म्हणून योजला होता, असे म्हणता येत नाही. तरीही १८३१ मध्ये भारताचा बेत नव्याने लिहिताना, त्या बेताचे पुढे काय होणार हे लेखिकेला ठाऊक होते.