कारखान्याचे दार

नागपूरहून हावड्याकडे जाणारी आगगाडी दुर्ग स्थानक मागे टाकते, आणि थोड्याच वेळात भिलाईच्या पोलाद कारखान्याची धुराडी दिसू लागतात. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएट संघ यांच्यात या कारखान्याचा करार झाला. त्या वेळी भिलाई ज्या राज्यात मोडत होती, त्याची राजधानी नागपूर होती. पुढे चार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. ही कथा पुष्कळांना ठाऊक आहे. आज मला विचार करावयाचा आहे तो एवढाच की, या कारखान्याच्या दारातून आत कोण गेले, कोण बाहेर राहिले, आणि कोणत्या न्यायाने?

हा प्रश्न भिलाईत जन्मास आला नाही. आपल्याकडे तो मुंबईच्या कापडगिरण्यांत फार पूर्वीच उभा राहिला होता. विणकामखात्यात पगार चांगला. परंतु अस्पृश्य मानलेल्या कामगारास तेथे प्रवेश नसे. धोट्यातील सूत संपले म्हणजे नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या ओठांचा धोटा आपल्या ओठांस लागावा, हे इतर विणकरांस मान्य नव्हते. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय पुढाऱ्यांपुढे मांडला, आणि नाइलाजाने का होईना, त्यांना तो आपल्या मागण्यांत घ्यावा लागला. त्यावर मालकांचे म्हणणे असे की, हा अन्याय असेल तर त्याची जबाबदारी आमची नव्हे! त्यांच्या बोलण्यात तथ्य नव्हते असे नाही. मनाई करणारा नियम कोणत्याच वहीत लिहिलेला नव्हता. जो अन्याय नियमावाचून चालतो, तो नियम केल्यावाचून मोडत नाही, हा या प्रसंगाचा धडा आहे.

असा नियम करण्याचे धैर्य कोल्हापुरात आधीच दिसले होते. २६ जुलै १९०२ रोजी छत्रपती शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. पुढे १९४३ साली, आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखात्याचे सभासद असताना, केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाने शासकीय नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान वा निवासस्थान यांवरून भेद करण्यास मनाई केली, आणि मागासलेल्या वर्गांसाठी जागा राखण्याची मुभाही दिली. घटना समितीत आंबेडकरांनी ही तारेवरची कसरत स्पष्ट करून सांगितली होती. राखीव जागा थोड्या असाव्यात, नाहीतर समान संधीचे तत्त्वच नाहीसे होईल, असे त्यांनी म्हटले होते.

भिलाईत या तत्त्वाची परीक्षा निराळ्या रीतीने झाली. कारखान्यासाठी भोवतालच्या खेड्यांच्या जमिनी गेल्या. परंतु आरंभी तेथील पुष्कळ शेतकरी कामावर जाण्यास कचरत होते. पायाच्या खड्ड्यांत माणसांचे बळी दिले जातात, अशी आवई उठली होती. दूरदूरच्या प्रांतांतून माणसे आली आणि जागा भरल्या. पुढे स्थानिक लोक दाराशी आले, तेव्हा ते दार पूर्वीइतके उघडे राहिले नव्हते. 'ही भूमी आमची' ही त्यांची तक्रार खरी होती. पण जन्मस्थानाचा हक्क आणि जातीमुळे लादलेली वंचना, यांचे माप एक नव्हे.

राखीव जागांवरचा नेहमीचा आक्षेप असा की, वितळलेल्या लोखंडापाशी उभा राहणारा माणूस लायक हवा, जात पाहून भट्टी चालत नाही. आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु १९५५ साली पोलादाचे कसब अंगी घेऊन कितीजण आले होते? अभियंत्यांना शिकण्यासाठी रशियात धाडावे लागले, आणि खेड्यातला नांगऱ्या भट्टीपाशीच शिकला. तेथे लायकी दाराबाहेर नव्हे, दाराच्या आत घडली. मग त्या दारातच कोणास अडवणे, म्हणजे त्याची लायकी घडूच न देणे होय.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे: लाभ त्याच त्या कुटुंबांना मिळतो. जोनाथन पॅरी या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने भिलाईचा दीर्घकाळ अभ्यास केला. कारखान्यात निरनिराळ्या जातींची माणसे एकत्र काम करताना, एकत्र जेवताना त्यांनी पाहिली. आणि त्याचबरोबर, ज्याला कायमची 'नोकरी' आहे तो आणि ज्याला केवळ 'काम' आहे तो, यांच्यामधली दरी रुंदावतानाही पाहिली. राखीव जागा आहेत त्या नोकरीत. ठेकेदाराच्या हजेरीपटावर नाहीत. दल्ली-राजहराच्या खाणींतील ठेक्यावरच्या मजुरांना १९७७ पासून संघटित करणारे शंकर गुहा नियोगी यांचा २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच खून झाला.

गिरणीतल्या धोट्याचा विटाळ गेला, आणि ठेक्याचा उंबरठा आला. मोठ्या दारावर न्यायाची पाटी लावली असता माणसे बाजूच्या दाराने अर्ध्या मजुरीवर आत घेतली जात असतील, तर शाहू महाराजांनी आरंभिलेले काम अद्याप पुरे झालेले नाही, असेच म्हणावे लागेल.